मध्यमवर्ग नेमका कुणाला म्हणायचं? अकरावीच्या वर्गात ६२ पैकी ५७ हात वर झाले

खडूफळा

सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी १९ वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे. गेल्या बुधवारी अकरावीला विकसनशील देशांत वाढत चाललेल्या मध्यमवर्गाविषयी सांगत होते. मधेच विचारलं, "आपलं घर मध्यमवर्गीय आहे असं कुणाकुणाला वाटतं?" ६२ जणांपैकी ५७ हात वर.

या मुलांची घरं मला माहीत आहेत. वर गेलेला एक हात नऊ एकर ऊस, दोन ट्रॅक्टर आणि स्टँडजवळ तीन गाळे असलेल्या घरातला होता. त्याच बाकावरच्या मुलाची आई भांगलणीला जाते, ३०० रुपये रोजावर. एकीचे वडील तलाठी, एकाचे कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, एकाची आई आणि आजी मिळून आठवडी बाजारात भाजी विकतात. सगळे स्वतःला मधले समजतात. मला त्यांना खोडता आलं नाही, कारण त्यासाठी लागणारी व्याख्या माझ्याकडेच धड नव्हती.

हात वर न केलेल्या पाच जणांत एक मुलगी होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, आमचं सांगता येत नाही. दादा चाकणला कंपनीत आहे, घरात फ्रीज आहे, गाडी आहे. पण तो अजून कायम नाही."

हा "कायम" शब्द ऐकला आणि मला पुढचं काही सुचेना. माझे वडील सहकारी साखर कारखान्यात होते. १९७६ साली रोजंदारीवर लागले, यार्डात, बैलगाड्यांना नंबर द्यायला. १९७९ ला हंगामी झाले. म्हणजे गळीत चालू आहे तोवर पूर्ण पगार. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की रिटेन्शनचे (बंद काळातल्या भत्त्याचे) थोडे पैसे आणि पावसाळाभर दुसऱ्याच्या रानात काम. १९८६ च्या मार्गशीर्षात ते पॅन विभागात, म्हणजे रस आटवून साखर करतात तिथे, कायम झाले. मी सात वर्षांची होते. आईने आळीभर पेढे वाटले आणि त्याच महिन्यात पोस्टात ५० रुपयांची आरडी काढली. वडिलांचा पगार त्या महिन्यात फारसा वाढला नव्हता, हे मला खूप उशिरा कळलं. पुढच्या आषाढात डब्यात पीठ असणार, हे आईला मार्गशीर्षातच ठाऊक झालं होतं, एवढाच फरक. त्या एवढ्यावर तिने सगळं बेतलं. वसंतदादांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली होती, त्यामुळे १९९४ मध्ये भावाला घराजवळ प्रवेश मिळाला आणि फीला कामगार पतपेढीचं कर्ज मिळालं. आज तो हिंजवडीत आहे आणि मी इथे फळ्यासमोर.

आता आकडे. 'प्राइस' या संस्थेने वर्षाला ५ ते ३० लाख उत्पन्न असलेलं कुटुंब मध्यमवर्गीय धरलं. त्या हिशेबाने २००४-०५ मध्ये देशातले १४ टक्के लोक मध्यमवर्गात होते, २०२०-२१ मध्ये ३१ टक्के, म्हणजे सुमारे ४३ कोटी. अमेरिकेतल्या 'प्यू' संस्थेने माणशी रोज १० ते २० डॉलर हे माप घेतलं, तर २०२० साली भारतात जेमतेम ६ कोटी ६० लाख भरले. करोना नसता तर ९ कोटी ९० लाख असते, असा त्यांचाच अंदाज होता. देश एक, वर्ष जवळपास एकच, आणि उत्तरं ६ कोटी ६० लाख आणि ४३ कोटी.

सरकारच्या २०२३-२४ च्या खर्च पाहणीत ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये आहे. चार माणसांच्या घराला साडेसोळा हजार, वर्षाला दोन लाखांच्या आत. माझ्या वर्गातली बरीच घरं याच्याच आसपास आहेत. ती खरोखर मधोमध आहेत, पण ५ लाखांच्या उंबऱ्यापासून फार लांब. आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत आयकर माफ झाला, तो मध्यमवर्गाला दिलासा म्हणून.

मुलांना कुठलं माप सांगू? पुस्तकातली व्याख्या मी लिहून देईन, प्रश्न तो नाही. त्या मुलीला काय उत्तर देऊ, हे मला तुमच्याकडून हवं आहे.

---

अप्पा_मिरजकर

मॅडम, मी ३४ वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत होतो आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं एका पतसंस्थेच्या कर्ज समितीवर. उत्पन्नाचे आकडे आमच्याकडे लोक हवे तसे लिहून आणायचे. आम्ही त्यावर कधीच विसंबलो नाही. आम्ही बघायचो जामीनदार.

कर्जाच्या अर्जावर दोन जामीनदार लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण कुणाला जामीनदार म्हणून घ्यायचं, याचा जो अलिखित नियम असतो तीच तुमची व्याख्या आहे असं माझं मत आहे. कायम नोकरी हवी, पगारपत्रक हवं आणि मालकाकडून पगार कपातीचं हमीपत्र हवं. सहकार कायद्याच्या ४९ कलमाखाली मालकाला ती कपात करून संस्थेला द्यावीच लागते. त्यामुळे गावातला शिक्षक, कारखान्याचा कायम कामगार, एसटीचा कंडक्टर, झेडपीचा शिपाई हे सोन्यासारखे. ५० एकरांचा बागायतदार यायचा, पण त्याच्या अर्जावर सही हवी असायची चार हजार पगाराच्या प्राथमिक शिक्षकाची. जो दुसऱ्याला जामीन राहू शकतो तो मध्यमवर्गीय. ज्याला जामीनदार शोधत फिरावं लागतं तो अजून तिथे पोचलेला नाही, घरात टीव्ही केवढा का असेना.

आता एक वेदनेची गोष्ट. १९८० ते ८७ मी मुंबईत परळच्या शाखेत होतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार. त्याआधी साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, माणूस आमच्याकडे आला की आम्ही डोळे झाकून कर्ज द्यायचो, कारण त्याला जामीन कोण, तर शेजारच्या साच्यावरचा. त्याला जामीन कोण, तर हाच. संप लांबला तेव्हा ध्यानात आलं की कर्जदार आणि जामीनदार दोघेही एकाच फाटकाबाहेर बसले आहेत. सगळे कायम होते, मॅडम. कुणाची २२ वर्षं सर्व्हिस, कुणाची २८. वसुलीसाठी मी लालबागच्या चाळीत जायचो. घरातली बाई पाणी द्यायची आणि काही न बोलता दाराशी उभी राहायची. मला आजही ते जिने आठवतात. त्यातले पुष्कळ जण साताऱ्याकडे, कोकणात परत गेले. वर चढलेली माणसं तीन वर्षांत खाली आली.

म्हणून मुलांना हेही सांगा, की कायम हा शब्द कारखाना चालू असेपर्यंतच कायम असतो.

---

व्हीएमसी_ऑपरेटर

मॅडम, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीचा दादा म्हणजे मीच समजा. मी लातूर जिल्ह्यातला, आयटीआय टर्नर, २०११ पासून चाकण एमआयडीसीत. आम्ही कायम म्हणत नाही, परमनंट म्हणतो.

मी आलो तेव्हा इथे मोठमोठ्या मोटार कंपन्यांचे कारखाने नुकतेच सुरू झाले होते आणि आजूबाजूला त्यांना पार्ट पुरवणारी शेकडो छोटी युनिट. पहिला पगार हातात ६,८०० आला. खराबवाडीत पाच जण एका खोलीत, दोन पाळ्यांत झोपायचो. एक उठला की त्याच गादीवर दुसरा. गावाकडे मी पहिल्यांदा ३,००० पाठवले तेव्हा बापाने उसनवारी फेडली. चाकण वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दुष्काळात इथल्या पगारावर आमच्यासारखी कितीतरी घरं तगली.

पण सांगतो कसं चालतं. सहा-सात महिन्यांची नेमणुकीची ऑर्डर, मग ब्रेक. मग दुसरा ठेकेदार, तेच गेट, तेच मशीन. गेल्या नऊ वर्षांत मी एकाच व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) उभा आहे आणि माझे ठेकेदार चार वेळा बदलले. ठेकेदार बदलला की माझी सर्व्हिस पहिल्या दिवसापासून. शेजारच्या मशीनवरचा परमनंट माणूस माझ्याच हाताखाली शिकला, त्याला माझ्या तिप्पट मिळतात. त्याचा माझा वाद नाही, माणूस चांगला आहे, दर दिवाळीला माझ्या पोरीला कपडे घेतो.

बाहेरून बघाल तर मी तुमच्या ५७ हातांतला. मोशीत भाड्याने वन आरके, हप्त्यावर मोटारसायकल, पोरगी इंग्रजी शाळेत, बायको शिवणकाम करते. आता २०२२ ची गोष्ट ऐका. माझा पगार वाढून २१,६०० झाला. आम्ही घरी गोड केलं. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पगाराची मर्यादा २१,००० आहे हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. वर्गणीची सहामाही संपली, मग तिच्यावर मिळणाऱ्या लाभाची मुदतही संपली आणि कार्ड बंद. पुढच्या चार महिन्यांत बायकोच्या गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं. खासगी दवाखान्याचं बिल १ लाख ८५ हजार. आधीच्या पगारावर ते फुकट झालं असतं. मर्यादेवरच्या ६०० रुपयांनी मला दवाखान्यातून बाहेर काढलं. कंपनीचा विमा परमनंटला आहे, आम्हाला नाही. तिचं गंठण आणि माझ्या आईच्या पाटल्या गहाण गेल्या. पाटल्या अजून सुटल्या नाहीत, व्याज भरतोय.

अप्पांनी जामीनदाराचं लिहिलं ते वाचून मी बराच वेळ फोन खाली ठेवून बसलो. मोबाइलवर मला दिवसाला दोन फोन येतात, कर्ज घ्या म्हणून. ॲपवर पाच मिनिटांत ५० हजार. पण माझ्या सख्ख्या मेहुण्याला गावातल्या पतसंस्थेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी जामीन हवा होता तेव्हा माझी सही त्यांनी घेतली नाही. मॅनेजर म्हणाला, ठेकेदाराचं पत्र चालत नाही. सगळ्यांसमोर म्हणाला. शेवटी मेहुण्याने अंगणवाडी सेविका असलेल्या चुलतीला विचारलं, तीही मानधनावर म्हणून नाही. मग वर्गमित्र पोलीस शिपाई आहे, तो राहिला.

त्या मुलीला सांगा, तिने बरोबर सांगितलं. तिला घरातलं कळतं.

---

इचलकरंजी_ते_बांडुंग

मी इचलकरंजीचा, कापड उद्योगातला, २१ वर्षं इंडोनेशियात स्पिनिंग मास्टर. बांडुंगजवळ मजालाया म्हणून जुनं कापडाचं गाव आहे, अगदी आपल्या इचलकरंजीसारखं, लूमचा आवाज आणि पहाटेपासून चहा. वरचं वाचताना वाटलं, ही मजालायाचीच चर्चा चालली आहे.

इथे कामगारांचे दोन शब्द आहेत, 'तेताप' आणि 'कोंत्राक'. तेताप म्हणजे शब्दशः कायम. लग्न ठरवताना मुलीकडचे पहिलं हेच विचारतात, तेताप आहे का? २०२० च्या नव्या कायद्यानंतर मुदतीचा करार पाच वर्षांपर्यंत लांबवता येतो. तेव्हापासून आमच्या खात्यात नवा तेताप माणूस मी फार क्वचित पाहिला.

अप्पा, तुमच्या जामीनदाराचंही इथे रूप आहे. सरकारी नोकराला नेमणुकीचा आदेश मिळतो, त्याला 'एस.के.' म्हणतात. तो कागद बँकेत गहाण ठेवून कर्ज काढायची इथे सर्रास पद्धत आहे. आमच्या शेजारणीला, प्राथमिक शिक्षिका आहे, नेमणूक मिळाली आणि दोनच महिन्यांत तिचा एस.के. बँकेच्या तिजोरीत गेला. त्या पैशांतून घराचं छप्पर झालं. आपल्याकडे माणसाची सही चालते, इथे त्याचा नेमणुकीचा कागदच गहाण पडतो.

आकडे सांगतो, कारण हा देश आपल्या पुढचा धडा असू शकतो. इंडोनेशियाचं सांख्यिकी खातं दारिद्र्यरेषेच्या साडेतीन ते सतरा पट खर्च करणाऱ्याला मध्यमवर्गीय धरतं. २०१९ मध्ये असे ५ कोटी ७३ लाख लोक होते, २०२४ मध्ये ४ कोटी ७८ लाख. पाच वर्षांत सुमारे ९५ लाख माणसं खाली गेली. गरीब झाली नाहीत, एक पायरी उतरली. त्या पायरीला ते 'मध्यमवर्ग होऊ पाहणारे' म्हणतात आणि तिथे देशातली जवळजवळ निम्मी लोकसंख्या आहे. खडूफळा मॅडम, तुमचे ५७ हात बहुतेक त्याच पायरीवरचे.

२०२४ मध्ये इथे एक शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, 'माकान ताबुंगान'. म्हणजे शिल्लक खाणं. पगार पुरत नाही, म्हणून बँकेत साठवलेलं थोडं थोडं काढून खायचं. १ मार्च २०२५ ला मध्य जावातल्या सोलो शहराजवळची एक अवाढव्य कापड कंपनी बंद पडली, १० हजारांवर कामगार घरी. रमजान नुकताच लागला होता. सणाचा बोनस इथे कायद्याने एक पगार असतो, त्यावर वर्षाचा खर्च बेतलेला असतो. माझ्या हाताखालच्या एका फिटरची बहीण तिथे होती. १७ वर्षं तेताप. तिने मोटारसायकल विकून घरासमोर तळलेल्या केळ्यांची गाडी लावली.

एक गोष्ट मात्र इथे चांगली आहे आणि ती चाकणच्या दादांसाठी लिहितो. २०१४ पासून सार्वत्रिक आरोग्य विमा आहे. पगार वाढला म्हणून माणूस त्यातून बाहेर पडत नाही, हप्ता वाढतो एवढंच. दवाखान्यात रांग मोठी असते, पण ऑपरेशनपायी पाटल्या गहाण जात नाहीत. हे आपल्याकडे होऊ शकतं. त्यासाठी आधी श्रीमंत देश व्हावं लागत नाही.

---

दूध_संस्था_सचिव

सगळे पगारदारांविषयीच बोलताहेत, म्हणून लिहिते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात मी दूध संस्थेची सचिव आहे, ११ वर्षं. आमच्या ३४० सभासदांत कायम नोकरीवाली घरं १९. मग बाकीचे कुठेच नाहीत का?

आमच्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं. बायका त्याला पगारच म्हणतात. "पगार झाला का ओ ताई?" असं विचारतात. महिन्याला तीन पगार आणि दिवाळीआधी दर फरक. चार म्हशी असलेल्या बाईचं वैरण-पेंड जाऊन फार उरत नाही हे मी रोज बघते. पण येणार हे नक्की असतं. उसाचं तसं नाही. कायदा १४ दिवसांत पैसे द्या म्हणतो आणि बिल कधी निघेल ते कारखान्यावर असतं. उसाच्या पैशाने घर बांधतात, दुधाच्या पैशाने घर चालतं. मुलींच्या कॉलेजची फी मी बहुतेक वेळा दुधाच्या बिलातूनच गेलेली पाहिली आहे.

आणि अप्पा, जामीन आमच्याकडेही आहे. म्हशीला कर्ज हवं असेल तर संस्था बँकेला पत्र देते, की या सभासदाचा हप्ता दुधाच्या बिलातून कापून भरू. कापतोही. मुऱ्हा म्हैस आणायला हरियाणाला जाणारे आमचे लोक त्या पत्रावर जातात. ज्या बाईच्या नावावर सात-बाऱ्यावर एक गुंठाही नाही तिला ते पत्र मिळतं, कारण फॅट आणि लिटर तिच्या नावावर आहे. हे पत्र मी स्वतः टाइप करते. पहिल्यांदा एका विधवा बाईंना दिलं तेव्हा त्यांनी ते घरी देवघरात ठेवलं होतं, बँकेत न्यायचं सोडून. मला जाऊन आणावं लागलं.

म्हणून कायम नोकरी एवढंच धरू नका. माणसामागे कुणीतरी उभं आहे का ते बघा. पूर्वी कारखाना होता, आमच्यामागे दूध संघ आहे. चाकणच्या दादांच्या मागे कुणीच नाही, हे मला त्यांच्या लिहिण्यातलं सर्वांत जास्त लागलं.

---

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हीएमसी दादा, तुमचं लिहिलेलं मी वर्गात वाचून दाखवलं, गाव आणि रक्कम वगळून. वर्ग इतका शांत मी क्वचित पाहिला आहे.

अप्पांच्या आणि सचिवताईंच्या बोलण्यावरून मला एक जुना लेख आठवला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी २००८ साली १३ देशांतल्या घरांची आकडेवारी तपासली होती. मध्यमवर्ग म्हणजे धाडसी उद्योजक, बचत करून धंदा वाढवणारे, अशी समजूत होती. त्यांना तसं काही ठळक दिसलं नाही. गरिबांपेक्षा वेगळं दिसलं ते मुख्यतः एकच, बऱ्या पगाराची स्थिर नोकरी. हा लेख मी एम.ए. नंतर वाचला होता, त्यावर टिपणंही काढली होती. माझ्या वडिलांच्या मार्गशीर्षाशी तो तेव्हा जोडला नाही. सचिवताईंनी मात्र त्या लेखात मला न दिसलेली बाजू दाखवली. दहा दिवसांचा पगार गावाने मिळून उभा केला आहे, कुणा मालकाने दिलेला नाही. आमच्या भागात मध्यमवर्ग वाढला तो अशाच संस्थांच्या आधाराने, हे मी इतकी वर्षं सहकाराच्या धड्यात शिकवत होते आणि मध्यमवर्गाचा धडा वेगळ्या दिवशी घेत होते.

सोमवारी मी मुलांना घरी विचारून यायला सांगितलं. दोनच प्रश्न. उद्या कर्ज काढायचं झालं तर आपल्याला जामीन कोण राहील? आणि आपण आज कुणाला जामीन आहोत का? नावं न लिहिता चिठ्ठ्या टाकायच्या. ५४ चिठ्ठ्या आल्या.

पहिल्या प्रश्नाला ३८ घरांनी नातलग किंवा शेजारी लिहिला आहे आणि त्यातले बहुतेक शिक्षक, पोलीस किंवा कारखान्यातले. ११ जणांनी "दागिने" लिहिलं. पाच जणांनी "कोणी नाही". आपण दुसऱ्याला जामीन आहोत असं लिहिणारी घरं १३. म्हणजे ५४ चिठ्ठ्यांतल्या १३. काही मुलांनी चिठ्ठीच्या मागे हिशेबही मांडला आहे, वडिलांना पहिल्यांदाच पगार विचारला असं एकाने लिहिलंय.

त्या १३ मधली एक चिठ्ठी मात्र माझ्या पर्समध्येच आहे. तिच्यावर लिहिलंय, "पप्पा मित्राला जामीन राहिले. मित्र गाव सोडून गेले. पप्पांच्या पगारातून २ वर्षे कपात चालू आहे. आईला सांगू नका, तिला कपात माहीत आहे पण किती ते माहीत नाही." अप्पांच्या व्याख्येने हे घर नक्की मध्यमवर्गीय. पण फळ्यावर कोष्टक काढताना ही चिठ्ठी मी कुठल्याच रकान्यात घातली नाही. अक्षर मी ओळखलं आहे. त्या मुलाला काही सांगता येण्यासारखं आहे का?

---

अप्पा_मिरजकर

आहे. चिठ्ठी वर्गात काढू नका, त्याच्या वडिलांपर्यंत एवढंच पोचवा.

जामीनदाराने कर्जदाराच्या वतीने जे भरलं ते मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १४० आणि १४५. कर्जदाराने संस्थेकडे काही तारण ठेवलं असेल, गाडी, प्लॉट, ठेवपावती, तर जामीनदाराने पूर्ण रक्कम फेडल्यावर त्या तारणावरचा हक्क त्याच्याकडे येतो. बहुतेक जामीनदारांना हे कुणी सांगतच नाही. आमच्याही समितीत सांगत नव्हतो, आणि ते मला आता बरोबर वाटत नाही.

त्यांनी संस्थेकडे लेखी अर्ज देऊन तीन कागद मागावेत: कर्ज खात्याचा पूर्ण उतारा, त्यांच्या पगारातून जमा झालेल्या प्रत्येक रकमेची तारीखवार नोंद, आणि तारणाची यादी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. दोन वर्षांची पगारपत्रकं एकत्र लावून ठेवावीत. दावा करायचा तर पैसे भरल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे पहिल्या हप्त्यांसाठी त्यांच्याकडे आता वर्षभरच उरलं आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन विचारावं. आणि संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला कुणाकुणावर घेतला आहे तेही विचारावं. अनेकदा तो कर्जदारावरही असतो, पण वसुली पगार हाताशी असलेल्या जामीनदाराकडूनच केली जाते.

मी रविवारी मिरजेत आहे. कागद घेऊन आले तर मी ते वाचून देईन.